बालरोग एमडी मराठवाड्यातच करावं का? अनुभव सांगा

गोदातीर (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

एमबीबीएस झालं, बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. नीट-पीजीचा रँक असा आलाय की ना धड वर, ना धड खाली. बालरोगच घ्यायचं हे पक्कं आहे. दोन दारं उघडी दिसतात : मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजात एमडी, नाहीतर पुण्यात एका खासगी रुग्णालयात डीएनबी, म्हणजे राष्ट्रीय बोर्डाची पदवी. दोन्हीकडे तीन वर्षं. पुण्याचा एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) बघून आले. एका बाळामागे एक सिस्टर, भिंतीत ऑक्सिजन, आणि इतकी शांतता की आपल्याच चपलांचा आवाज येतो.

आईचं मत : "लेकरांचा डॉक्टर म्हंजे लेकरू रडायलं की तू पळायलीस. त्यापरीस डोळ्याचं घे." बाबांचं मत : जवळ राहिलीस तर रविवारी डबा तरी पोचवता येईल.

"आपल्याकडे पेशंट भरपूर, हात चालतो" हे शंभर जणांनी सांगून झालं. माझा प्रश्न वेगळा आहे. पेशंट भरपूर, पण शिकवतं कोण?

घाटीवाला_जुना (९:५२)

मराठवाडा घे. पुढचा प्रश्न?

गोदातीर (९:५५)

सर, थोडं सविस्तर 🙏

वॉर्मर_नंबर_७ (११:३०)

सर राऊंडला पण एवढंच बोलत असणार 😄 मी लिहितो. सध्या जेआर-३, म्हणजे एमडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मराठवाड्यातच. कॉलेजचं नाव विचारू नका.

पहिले सहा महिने तू डॉक्टर नसतेस. तू रक्त काढणारी, रिपोर्ट आणणारी, केस पेपर लिहिणारी आणि शिव्या खाणारी असतेस. इमर्जन्सीचा दिवस सकाळी आठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी संपतो. नियमात "वाजवी कामाचे तास" आणि आठवड्याची सुट्टी लिहिलेली आहे. वाजवी म्हणजे किती, ते युनिट ठरवतं.

पहिली खरी परीक्षा सुईची. उन्हाळ्यात ढाळ-वांत्यांचं सात महिन्यांचं लेकरू येतं. डोळे खोल, टाळू बसलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. शीर सापडत नाही. तुला पाठ असतं : वर्षाच्या आतलं असेल तर पहिल्या तासात किलोला ३० मिली सलाईन, मग पाच तासांत ७०. पण शीरच नाही तर गणित कुणाला सांगणार? माझ्या पहिल्या अशा रात्री मी चार ठिकाणी टोचलं. पाचव्या वेळी सीनियर आला. त्याने माझ्या हातातून सुई घेतली नाही, नुसता टॉर्च धरला आणि म्हणाला, "घाई लेकराला आहे, तुला नाही." शीर मिळाली. त्याच आठवड्यात त्याने हाडात सुई घालायचंही दाखवलं, म्हणजे पुढच्या वेळी मी चार वेळा टोचत बसणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर : शिकवतो तो सीनियर, रात्री अडीचला. प्रोफेसर दिवसा शिकवतात, पण ते समजायला आधी रात्र बघावी लागते.

बालाघाट (मंगळवार, सकाळी ७:१०)

वॉर्मरभाऊंचा टॉर्चवाला सीनियर मलाही मिळाला असता तर मी हा प्रतिसाद लिहिला नसता.

मी बारा वर्षांपूर्वी आपल्याच भागात एमडी केलं, आता तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. हात चालतो हे खरं. पण हात चालणं आणि शिकणं यात फरक आहे आणि आपल्याकडे तो सोयीस्करपणे पुसला जातो. मी होतो तिथे बाळाला ऊब देणाऱ्या एका वॉर्मरवर दोन बाळं, कधी तीन. संध्याकाळी पाचनंतर इको नाही. ब्लड गॅसचं यंत्र होतं, त्याची कार्ट्रिज नव्हती. काहीच कळत नसेल तर अँटिबायोटिक सेफ्ट्रिअॅक्सोन लाव, हा आमचा अलिखित प्रोटोकॉल. ताप आला, लाव. झटका आला, लाव. दम लागला, लाव. बरं झालं की आपण हुशार, गेलं की "उशिरा आणलं होतं". तीन वर्षांत शेकडो लेकरं बघितली, पण माझा अंदाज कुठे चुकला हे मला फार कमी वेळा कळलं, कारण सुट्टी झालेलं लेकरू परत दिसतच नाही.

नंतर फेलोशिपला बाहेर गेलो. तिथे बाळं थोडी, पण प्रत्येक मृत्यूवर बसून चर्चा व्हायची. कुणाची चूक यापेक्षा कुठल्या तासाला काय करता आलं असतं, यावर. पहिल्या चर्चेत मला रडू आलं. मागची कितीतरी लेकरं एकदम आठवली.

म्हणून गोदातीरताई, कॉलेज निवडताना बेड मोजू नका. तिथल्या जेआर-२ ला गाठून एकच विचारा : "तुमच्याकडे डेथ मीटिंग होते का? झाली तर जेआर-१ ला बोलू देतात का?"

घाटीवाला_जुना (७:४८)

बालाघाट, मुद्दा बरोबर. पण एक बाजू राहिली.

आमच्या वेळी विंचवावरचं औषध, प्राझोसिन, नवीन होतं. विंचू चावलेली लेकरं गार घामाने निथळत यायची, हातपाय बर्फ, तोंडातून लाळ, मुलगा असेल तर शिश्न ताठ. बघता बघता फुप्फुसात पाणी आणि गुलाबी फेस. लाल विंचवाचं हे रूप जगाला ज्यांनी दाखवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. काम केलं महाडला, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करून. पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली, लेकरं वाचायला लागली त्याच्या कितीतरी आधी. मोठ्या शहरातल्या मोठ्या पुस्तकात हे नव्हतं. जिथे विंचू चावतो तिथेच ते सापडलं.

आजही विंचवाची दोन लेकरं एका रात्रीत कुठे दिसतात? पुण्याच्या काचेच्या एनआयसीयूत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट पोस्टात लिहून ठेवतो, नवे विसरतात. प्राझोसिनची साधी गोळी लागते, किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. मेडिकलवाला एक्सएल पुढे करतो, ती हळूहळू सुटणारी गोळी, ती चालत नाही. आणि गोळी दिल्यावर लेकरू आडवंच ठेवायचं. रडलं की आई उचलून खांद्यावर घेते, तिथेच बीपी कोसळतो. आम्ही खाटेला पुठ्ठा बांधायचो : "उचलू नका." निम्म्या आयांना वाचता येत नव्हतं, म्हणून मावशी खाटेशेजारी बसायची. शेवटी मावशीचाच उपयोग झाला, पुठ्ठ्याचा नाही.

शेंगदाणा_चटणी (१०:०५)

इथे सगळे लेकरांचे डॉक्टर दिसतायत म्हणून विचारतो, माझ्या पुतण्याला तीन दिवसांपासून ताप आहे आणि अंगावर बारीक पुरळ. कुठलं सिरप द्यावं?

संपादक (१०:११)

शेंगदाणा_चटणी, धाग्यावर औषध सांगितलं जात नाही. पुरळ आणि ताप आहे, आजच जवळच्या डॉक्टरांना दाखवा.

शेंगदाणा_चटणी (सायंकाळी ६:२०)

दाखवलं. गोवर म्हणाले. नवव्या महिन्याची लस राहिली होती. वहिनी ऊसतोडीला गेलती तवा.

निवृत्त_सिस्टर (रात्री ८:१५)

मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली बरीचशी लेकरांच्या वॉर्डात. नवीन डॉक्टर आला की आम्ही आठ दिवसांत ओळखतो.

हात धुतो का, हे पहिलं. बाळाला हात लावायच्या आधी, नंतर नाही. दुसरं म्हणजे गारठलेलं बाळ त्याला हाताने कळतं का. आपल्या हाताची पाठ बाळाच्या पोटावर ठेवायची, मग तळपायावर. पोट कोमट आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार, म्हणजे पळा. थर्मामीटर येईपर्यंत कळलेलं असतं. हे मी किती एमडींना दाखवलं याची मोजदाद नाही. काहींनी नंतर त्यांच्या ज्युनियरना दाखवलं, "आमच्या सिस्टरनी शिकवलं" असं सांगून. काहींनी नुसतंच दाखवलं.

आणि आईशी बोलतो का. एक डॉक्टर बाई होत्या, कांगारू मदर केअर लावायच्या आधी बाळंतिणीजवळ खाली बसायच्या. सव्वा किलोचं बाळ छातीशी उघड्या अंगाने बांधायचं म्हटलं की पोरगी लाजते, सासू म्हणते हे काय नवीन सोंग. त्या बाई सासूला म्हणायच्या, "आजी, कोंबडी अंडं कुठं ठेवती?" सासू हसायची. मग सासूच पदर धरून आडोसा करायची. वॉर्मर एकच मोकळा असायचा, पण छात्या पुष्कळ होत्या.

शिकवतं कोण म्हणतेस बाळा, तर आमच्याकडून शिकायची लाज वाटली नाही तर आम्ही शिकवतो.

बालाघाट (८:३२)

सिस्टर, हा प्रतिसाद वाचून मी उठून उभा राहिलो.

दुधना (बुधवार, दुपारी १:००)

जिल्हा रेसिडेन्सीचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. आता एमडीत तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावंच लागतं. पुष्कळ जण ही तीन महिन्यांची अभ्यासाची सुट्टी समजतात. मीही समजले होते. बॅगेत पुस्तकं भरून गेले, एकही उघडलं नाही.

मला पोषण पुनर्वसन केंद्र दिलं. कॉलेजात अतितीव्र कुपोषण म्हणजे दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली, एफ-७५ हे उपचाराचं दूध, मग एफ-१००, सलाईन जपून नाहीतर हृदय दमतं. लेखी परीक्षेत पूर्ण मार्क. इथे काय झालं? १४ महिन्यांची मुलगी, दंड १०.८. दोन दिवस एफ-७५ पाजलं, सूज उतरायला लागली, भूक लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. आई घेऊन गेलेली.

मी चिडले. आहारतज्ज्ञ ताई म्हणाल्या, चला. गाडीत बसून गेलो, तासभराच्या रस्त्यावरचा तांडा. आई घरी होती. तिची मोठी दोन लेकरं तिच्या थोरल्या जावेकडे ठेवलेली, जावेने तिसऱ्या दिवशी निरोप धाडला की मला खुरपायला जायचंय, तुझी लेकरं तू बघ. बस, एवढंच कारण. बुडीत मजुरी मिळते हे तिला माहीत होतं, पण ती हातात कधी पडेल हे माहीत नव्हतं, आणि जावेची मजुरी त्यात धरलेली नव्हती. आम्ही मोठ्या दोघांनाही सोबत आणलं. नियमात बसतं की नाही, मी विचारलं नाही, ताईंनीही सांगितलं नाही. तिन्ही लेकरं एका खाटेवर. मधल्याचा दंड सहज म्हणून मोजला तर तोही १२ भरला.

कॉलेजच्या केस पेपरवर हे "रुग्ण न सांगता निघून गेला" असं एका ओळीत संपलं असतं.

बाकी ज्यांना सुट्टीच घ्यायची त्यांना ती मिळतेच, हेही खरं. काही ठिकाणी पीजी आला काय, गेला काय, कुणाला पत्ता नसतो.

कोयता_ते_खडू (बुधवार, रात्री १०:४५)

मी मास्तर आहे. धारूर तालुका. माझे मायबाप ऊसतोडीला कोयत्यावर जायचे, म्हणजे नवराबायकोची जोडी. शाळेच्या सुट्ट्या मी फडात काढल्या. दवाखान्यातलं मला कळत नाही, पण डामाच्या, म्हणजे डॉक्टरचं न ऐकता पेशंट घरी न्यायच्या, कागदावर अंगठा का पडतो ते सांगतो. तुम्हा लोकांना वाटतं बाप निर्दयी आहे.

मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असती. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक दारात. एक माणूस दवाखान्यात राहिला की कोयता मोडतो, अर्धा कोयता कुणी ठेवत नाही. माझी धाकटी बहीण दीड महिन्याची असताना छाती भरली म्हणून दवाखान्यात ठेवली होती. डॉक्टर म्हणाले आठ दिवस लागतील. बाप तिसऱ्या दिवशी सही करून घेऊन आला. त्या डॉक्टरनी रागावून कागद फेकला. पण जाताना एका शिकाऊ डॉक्टरनी बापाला बाजूला घेतलं, कोणत्या कारखान्याला जाताय विचारलं, आणि त्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. काय औषध चालू, किती दिवस राहिलं. बापाला वाचता येत नव्हतं. त्याने ती चिठ्ठी टोपीत ठेवून पश्चिम महाराष्ट्रात नेली. तिथं इंजेक्शनं पुरी झाली.

बहीण आता अंगणवाडीताई आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव बापाला माहीत नव्हतं.

वॉर्मर_नंबर_७ (११:०२)

मास्तर 🙏 उद्यापासून डिस्चार्ज कार्डावर "कुठे जाणार" असा रकाना हाताने आखतो.

दुधना (११:२०)

लसीचंही तेच. श्रावणात जन्मलेलं लेकरू धरा. जन्मतःच्या लसी, सहा आठवड्यांची आणि दहा आठवड्यांची इथे होते. चौदा आठवड्यांची येते तेव्हा ट्रक गेलेला असतो. कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप संपून, गावी परततात तोवर चैत्र. शेंगदाणा_चटणींच्या पुतण्याचं असंच काही झालं असणार. कार्ड आईच्या पेटीत असतं, पेटी गावाकडे. आई शपथेवर सांगते "समद्या सुया झाल्यात", आणि खोटं बोलत नसते, तिला जेवढ्या माहीत तेवढ्या झालेल्या असतात.

हिशेबी_माणूस (गुरुवार, सकाळी ९:३०)

भावना पुरे, जरा व्यवहार. एमडी सरकारी : फी कमी, स्टायपेंड सरकारी (वेळेवर आला तर), थेसिस नाशिकच्या विद्यापीठाकडे, आणि शेवटी बॉण्डचं एक वर्ष. बॉण्ड मोडला तर पीजीला दंड ५० लाखांचा, भरायला बसू नका, वर्ष काढा. डीएनबी : परीक्षा कठीण, पण पदवी एमडीच्या बरोबरीची. पुढे नवजात शिशूंचं विशेष शिक्षण, म्हणजे डीएम किंवा डीआरएनबी, करायचं असेल तर दोन्हीकडून दार उघडं. बालरोगाचा जुना दोन वर्षांचा डिप्लोमा, डीसीएच, सरकारी कॉलेजांतून जवळपास गेला, त्या जागा एमडीत बदलल्या. २०२० पासून राष्ट्रीय बोर्डाने जिल्हा पातळीच्या रुग्णालयांत दोन वर्षांचे डिप्लोमा पुन्हा आणले, त्यात बालरोग आहे. रँक फारच खाली असेल तर तोही रस्ता आहे, कमीपणा मानू नका. तालुक्यातली निम्मी लेकरं डीसीएचवाल्यांनीच सांभाळलीत.

बालाघाट (९:४१)

शेवटच्या वाक्याला शंभर मतं.

घाटीवाला_जुना (१०:१५)

"दवाखान्यात एसी असावा, लेकराला नीट झोप लागते," असं माझा मुलगा म्हणतो. तोही बालरोगतज्ज्ञ. पुण्यात. आमचं दर दिवाळीला भांडण होतं.

गोदातीर (शनिवार, रात्री ८:००)

सगळ्यांचे आभार, एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. बालाघाट सरांचं ऐकून तीन कॉलेजांतल्या जेआर-२ ना फोन लावले. एकाने विचारलं, "डेथ मीटिंग म्हणजे फॉर्म भरतात ते का?" एकीने फोनच ठेवला, ड्यूटीवर होती बिचारी. तिसरी म्हणाली, "होते, शुक्रवारी, आणि मागच्या शुक्रवारी माझीच केस होती." मग ती वीस मिनिटं त्या केसबद्दल बोलत राहिली. कावीळ झालेलं बाळ, रक्तबदल, आणि कुठला एक तास वाया गेला.

पर्याय भरताना ते कॉलेज पहिलं टाकलं. काल यादी लागली. तेच मिळालं. नांदेड.

आई म्हणाली, "आता पळ लेकरांमागं." बाबा डब्याच्या गाडीचं वेळापत्रक बघतायत.

वॉर्मर_नंबर_७ (८:०९)

अभिनंदन! कॅल्क्युलेटर, टॉर्च, मोजपट्टी, दोन जोड चपला. बाकी तिथे मिळतं. पहिल्या इमर्जन्सीच्या आधी जेवून जा.

निवृत्त_सिस्टर (८:२६)

आणि नखं काप.

किनवटकर (९:५०)

नुसता वाचक आहे, पण नांदेड म्हटल्यावर राहवलं नाही. तिथे तेलंगणातून, आदिलाबाद-निर्मलकडून बरीच लेकरं येतात. बरोबर आलेल्या आजीला मराठी येत नाही आणि तुम्हाला तेलुगू. एवढं पाठ करा : "पालु तागुतुन्नाडा?" म्हणजे दूध पितोय का. "ज्वरम्" ताप. "विरेचनालु" जुलाब. तांड्यावरचं लेकरू असेल तर आईला "याडी" म्हणा, तिचा चेहराच बदलतो. आणि नांदेड शहरातली दख्खनी वेगळी, "कित्ते दिनां से बुखार है" असं विचारलं की आजीबाई अर्धा तास बोलते, तेवढा वेळ धरून चला.

गोदातीर (१०:०२)

पालु तागुतुन्नाडा. लिहून घेतलं. मुलगी असेल तर?

किनवटकर (१०:०४)

तागुतोंदा.